गोठ्यांतील मेंढपाळ



देवळाच्या ज्युबिलीनिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून एका जुन्या तैलचित्राविषयीं आम्ही बोलूं इच्छितों. फ्लँडर्समधील ह्यूगो व्हान डर गूस या चित्रकारानें तें सुमारें १४७५ सालीं लांकडी फळ्यांवर रंगविलें. मेदिची पेढीचा ब्रूज येथील मुखत्यार तोमासो पोर्तिनारी यानें तें फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा इस्पितळाच्या देवळासाठीं करविलें होतें. आज तें त्याच नगरांतील उफ्फिझी संग्रहालयांत आहे.

मधल्या फळीवर एक गोठा आहे. बैल व गाढव मागें उभीं आहेत. बाळ येशू गव्हाणींत नसून उघड्या भुईवर निजला आहे. पुढें गव्हाची पेंढी पडली आहे. ती पाहतांच मिस्साबलिदानांतील भाकर आठवते, आणि बेथलेहेम या नांवाचा अर्थच ‘भाकरीचें घर’ आहे, हेंहि आठवतें.

उजवीकडून तीन मेंढपाळ लगबगीनें आले आहेत. हात राकट, चेहरे रापलेले, एकाचें तोंड आश्चर्यानें उघडेंच राहिलें आहे. द्रव्य देणारा पोर्तिनारी व त्याचें कुटुंब बाजूंच्या फळ्यांवर, संतांपुढें लहान आकाराचीं, गुडघे टेकून आहेत. मेंढपाळ मात्र मधल्या फळीवर, बाळ येशूच्या सन्निध!

चित्रकार शेवटीं ब्रसेल्सजवळील मठांत मठबंधु होऊन राहिला. मनाच्या आजारानें तो ग्रासला व १४८२ सालीं निवर्तला. चित्र समुद्रमार्गें फ्लॉरेन्सला पोंचलें तें १४८३ सालीं. १६ हमालांनीं तें देवळांत वाहून नेलें. वेदीवर चढलेलें तें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. परंतु १४८५ सालीं फ्लॉरेन्सच्याच घिर्लांदायो यानें आपल्या वेदीचित्रांत तसेच राकट मेंढपाळ रंगविले.

बंधुभगिनींनो, देणगीदारांचीं नांवें आपण कृतज्ञतेनें वाचतों, तें योग्यच आहे. परंतु ज्यांनीं दगडमाती वाहिली, देऊळ झाडलें, आजाऱ्यांच्या घरीं प्रार्थनेस बसले, आणि आजचा दिवस पाहण्यापूर्वींच प्रभूकडे गेले, त्यांचीं नांवें कोठें आहेत? तीं केवळ वृद्धांच्या स्मरणांत आहेत, आणि वृद्ध आपणांस फार दिवस लाभणार नाहींत. म्हणून आमची एकच विनंती आहे: हें ज्युबिली वर्ष सरण्यापूर्वीं प्रत्येक घरानें आपल्या वडीलधाऱ्यांस विचारून तीं नांवें लिहून काढावीं, फादरांच्या हातीं द्यावीं, आणि त्या आत्म्यांसाठीं एक मिस्सा व्हावा.