पत्र्याखालच्या उष्णतेचा हिशेब

श्रोतेहो, वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या गोठ्यात जनावरे कशी धापा टाकतात, हे तुम्हांला सांगायला नको. मग कोणी म्हणतो, पत्रा जाड घ्या. कोणी म्हणतो, खालून पेंढा बसवा. खर्च करण्याआधी हिशेब करावा, आणि केलेला हिशेब पारखून घ्यावा.

उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे वाहते. वाटेतला प्रत्येक थर तिला थोडीबहुत अडवतो. ह्या अडवणुकीला उष्णतारोध म्हणतात. थराची जाडी मीटरमध्ये घ्यावी व पदार्थाच्या वाहकतेने भागावी, की रोध निघतो. थर एकाखाली एक असतील तर रोधांची बेरीज करावी.

अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याची वाहकता सुमारे ५०. रोध आला ०.००००१, म्हणजे नसल्यातच जमा! पत्रा दुप्पट जाड घेतला तरी फरक पडायचा नाही. खरा अडसर असतो तो पत्र्याखालच्या हवेच्या पातळ थराचा. त्याचा रोध साधारण ०.१७ धरतात. पत्रा ६० अंश सेल्सिअस तापला आणि आतली हवा ३५ अंश असली, तर फरक २५ अंशांचा. त्याला ०.१७ ने भागले, की दर चौरस मीटरमागे १४७ वॉट उष्णता खाली येते.

आता खालून ५ सेंटिमीटर सुका पेंढा बसवू. त्याची वाहकता सुमारे ०.०७. घाईत कोणी ५ लाच ०.०७ ने भागतो. रोध येतो ७१, आणि उष्णता अर्ध्या वॉटहूनही कमी! वीतभरही नसलेल्या पेंढ्याने एवढी किमया होईल का? उत्तर अचाट आले, की आधी एकके पाहावीत. ही पहिली पारख. ५ सेंटिमीटर म्हणजे ०.०५ मीटर. रोध ०.७१, हवेसह ०.८८, आणि उष्णता सुमारे २८ वॉट. पूर्वीच्या पाचवा हिस्सा.

दुसरी पारख तापमानाची. पेंढ्यात सुमारे २० अंश उतरतात, हवेच्या थरात ५. बेरीज २५, जमाखर्च जुळला. म्हणजे पेंढ्याची खालची बाजू ४० अंशांच्या आसपास असली पाहिजे. तापमापक लावून पाहा.

तिसरी पारख फटींची. छताचा दहावा भाग उघडाच राहिला तर? इथे रोधांची सरासरी काढू नये, ती फसवते. दोन्ही वाटांची उष्णता वेगळी काढून मिळवावी. झाकल्या भागातून २५.५, उघड्यातून १४.७; एकूण ४० वॉट. पाहा, एका दशांश फटीने उष्णता चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली! बांध एका जागी फुटला, तरी पाणी जायचे ते जातेच.

शिक्षकबंधूंनो, हे गणित वर्गात फळ्यावर जरूर घाला. पण पेंढा शाळेच्या छताला लावू नका. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेचे गवती छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. शाळेला न जळणारी काचलोकर घ्यावी. हिशेबाची रीत तीच. गोठ्यातही पेंढा कोरडा ठेवा, आणि विस्तव व विजेच्या तारांपासून दूर ठेवा. रोधाचे गणित उष्णतेपुरते खरे असते. आगीचा विचार ज्याचा त्याने वेगळा करायचा असतो.