करवत कुठे ठेवायची

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



टेबलावर ठेवलेली ही लाकडाची चकती आमच्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाची आहे. रेन ट्री म्हणतो ना आपण, तोच. आज तिच्याबद्दलच बोलायचं म्हणून मी ती रिक्षात घालून आणली.

काही वर्षांपूर्वी असाच मे महिना होता. पावसाआधी झाडं छाटून घ्यावीत म्हणून कमिटीने तीन कोटेशनं मागवली. एका ठेकेदाराने पैसे जवळपास मागितलेच नाहीत, लाकूड मात्र तो नेणार होता. आम्ही खूश झालो. त्या कागदावर सही माझीही आहे. सकाळी माणसं चढली ती चपला घालून, कमरेला दोर नाही. दुपारपर्यंत सगळा घेर खाली आला आणि वर मांडीएवढ्या जाड फांद्यांचे खुंट तेवढे उरले. ज्याची मजुरी लाकडातून निघणार, तो जाड फांदीलाच हात घालणार, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

पावसात त्या खुंटांना भराभरा फुटवे आले. झाड जगलं, असं सगळ्यांनाच वाटलं. बागायतदार अशा फुटीला पाणसोट म्हणतात. मूळची फांदी वर्षानुवर्षं खोडाच्या लाकडात गुंफत वाढलेली असते. पाणसोट सालीखालच्या थरातून निघतो, त्याची पकड वरवरची. तो उंच होत जातो आणि त्याच्या बुडाशी खुंट कुजत असतो. चौथ्या वर्षी, जूनच्या पहिल्या वादळी पावसात, पोटरीएवढा झालेला एक पाणसोट खुंटासकट पार्किंगमध्ये कोसळला. रात्र होती म्हणून खाली कुणी नव्हतं.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, एवढं एक कळलं की बाकीचं आपोआप कळतं. अमेरिकेच्या वनसेवेत अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ साली त्यावर एक सचित्र पुस्तिका काढली. त्यांनी दाखवलं ते असं, की कुजलेलं लाकूड झाड दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. भिंत टिकली तर झाड शंभर वर्षं उभं राहतं. ती टिकणार की नाही, हे बरंचसं करवत कुठे ठेवली यावर ठरतं.

उद्या सकाळी अंगणातल्या आंब्यापाशी जा आणि फांदी खोडाला मिळते तिथे हात फिरवून पाहा. खालच्या बाजूला किंचित फुगीर वळी लागेल, सदऱ्याच्या कॉलरसारखी. वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली, उंचावलेली रेघ दिसेल. कूज अडवण्याची झाडाची ताकद त्या वळीत असते. म्हणून वळी खोडावर राहू द्यायची आणि तिच्या लगेच बाहेर काप घ्यायचा. खोडाशी सपाट कापलं तर वळीच गेली. हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कूज आत नेतो. फांदी जड असेल तर एका कापात ती कधीच निघत नाही, साल ओरबाडत खाली येते. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर लांब, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, जरा आणखी बाहेर. त्याने वजन उतरतं. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने वळीशी काढायचा. वर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका, त्याने कूज थांबत नाही.

माणूस बोलावताना मी आता हेच विचारतो: फांदी कुठे कापणार, खोडावर बोट ठेवून दाखवा. ज्याला येतं तो लगेच दाखवतो. ‘शेंडा मारून देतो’ म्हणणाऱ्याला मी चहा पाजून निरोप देतो. दोर, कमरपट्टा, हेल्मेट आहे का, चढणाऱ्यांचा अपघात विमा आहे का, जवळून विजेची तार जात असेल तर वीज बंद करून घेणार का, हे विचारायला संकोच करू नका. तुमच्या अंगणात त्या माणसाचा जीव टांगलेला असतो. लाकडाचा हिशेब मजुरीपासून वेगळा ठेवा. आणि एका वर्षात हिरव्या घेराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कुणालाही काढू देऊ नका. जुन्या झाडाचं तर त्याहूनही कमी.

गेल्या वर्षी आम्हाला असा एक माणूस मिळाला. कोयता बाजूला ठेवून तो अर्धा तास झाडाभोवती नुसता फिरला. लाकडी हातोडीने बुंधा वाजवला, मुळांशी अळंबी आलीत का ते पाहिलं, नव्याने झुकलंय का, झुकल्या बाजूच्या विरुद्ध माती भेगाळलीय का, ते बघितलं. बुंधा एका जागी पोकळ वाजला तेव्हा आम्ही घाबरलो. तो म्हणाला, “पोकळ म्हणजे लगेच पडतं असं नाही साहेब, भोवतीचं लाकूड जाड आहे.” आम्ही पाडायला सांगितलेल्या दोन फांद्या त्याने ठेवायला लावल्या आणि तीन वाळक्या काढल्या.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. झाड आपल्या आवारातलं असलं तरी उद्यान विभागात अर्ज आधी, करवत नंतर. पावसाळ्यात ढोकऱ्या, बगळे मोठ्या झाडांवर घरटी करतात. तेव्हा छाटणी केली तर पिल्लं खाली पडून मरतात. आंबा मात्र फळं उतरवल्यावरच छाटा.

पण सगळं लक्ष वर ठेवून चालत नाही. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांच्यावर आपण पेव्हर ब्लॉक बसवतो, बुंध्याला सिमेंटचा पार घट्ट आवळतो. मुळांना हवा मिळत नाही, शेंडा वाळू लागतो आणि आपण फवारणीवाल्याला फोन करतो. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आम्ही आमच्या पर्जन्यवृक्षाभोवतीचे ब्लॉक दोन रविवारांत उपटले, आळं मोकळं केलं आणि झाडाचाच पाचोळा पसरला, बुंध्यापासून वीतभर दूर. आधी हा पाचोळा रोज पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत जायचा.

आता पुढे या आणि ही चकती हातात घ्या. मधला तपकिरी भाग नखाने उकरला जातो. छाटणीच्या दिवशी जेवढं लाकूड होतं तेवढंच ते आहे. त्याच्या कडेने काळसर रेघ दिसेल, ती झाडाने घातलेली भिंत. आणि रेघेबाहेर हे बोटभर फिकट, घट्ट लाकूड आहे ना, ते त्याने त्यानंतरच्या चार वर्षांत केलेलं.