दिव्यांगांसाठी नौकानयन : साधने आणि दक्षता



जमिनीवर पायरी, उंबरठा आणि चिखल चाकाच्या खुर्चीला पदोपदी अडवितात. पाण्यावर यांपैकी एकही अडथळा नसतो. कयाक ही अरुंद नौका मुख्यत्वे बाहू आणि धड यांच्या बळावर चालते. २०१६ मध्ये रिओ येथील पॅरालिम्पिक स्पर्धांत या खेळाचा प्रथमच समावेश झाला. मध्य प्रदेशच्या प्राची यादव यांनी २०२१ मध्ये टोकियो येथे अंतिम फेरी गाठली आणि २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक मिळविले.

यासाठी लागणारी साधने अगदी साधी आहेत. ज्याच्या धडात बळ कमी, त्याला उंच पाठीची बैठक आणि दोन्ही बाजूंना आधार लागतो. ज्याची पकड दुर्बळ, त्याचा हात वल्ह्यावर टिकविणारा पट्टा लागतो. तोल जाऊ नये म्हणून नौकेला बाजूचे तरंगते जोडतात. आपल्या कोकणातील कोळी बांधवांना ही युक्ती 'उलांडी' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. ज्यांच्या पायांना संवेदना नाही, त्यांना कठीण बैठकीने झालेली जखम कळतही नाही. म्हणून मऊ गादी ही चैन नसून आवश्यकता आहे.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. काळजीपोटी आपण माणसाला नौकेशी घट्ट बांधून टाकतो. नौका उलटली की तेच बंधन प्राणघातक ठरते. पट्टा असा हवा की, बसणाऱ्याला तो एका हाताने, पाण्याखालीही, तत्काळ सोडविता यावा. जीवरक्षक जाकीट अंगात घालून, उथळ पाण्यात, प्रशिक्षित व्यक्तीच्या उपस्थितीत उलटण्याचा आणि सुटण्याचा सराव झाल्याखेरीज कोणासही खोल पाण्यात नेऊ नये. आधार कोठे हवा, हेही प्रथम त्या व्यक्तीलाच विचारावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने क्रीडेतील सहभाग हा हक्काचा विषय मानला आहे. तेव्हा तलावाकाठी नौकाविहाराची योजना आखताना नौकांच्या खरेदीबरोबरच धक्क्यापर्यंतचा उतार, खुर्चीतून नौकेत सरकण्यासाठी बाक आणि प्रशिक्षित मदतनीस यांचीही तरतूद अंदाजपत्रकात आरंभीच करावी. काठापर्यंत पोहोचताच आले नाही, तर उत्तमातील उत्तम नौकाही निरुपयोगी होय.