कापूस वेचून आल्यावर कोणता व्यायाम?

(जळगाव जामोद येथे बचतगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला 'आहार आणि व्यायाम' हा विषय दिला आहे. मागच्या वर्षी याच विषयावर मी आपल्या तालुक्यातल्या एका गावात बोलायला गेले होते. हातात तक्ता होता. रोज अर्धा तास चाला, असं सांगत होते. मागून एक बाई म्हणाली, "ताई, दिसभर कापूस येचला, आता आनखी कोन्ता व्यायाम करू?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आज ते द्यायचा प्रयत्न करते.

कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. वेचणीत तासन्‌तास कंबर वाकलेली, ओझं एकाच बाजूला, आणि थकलं म्हणून थांबायची सोय नाही. घरी आल्यावर पुन्हा चूल आणि पाणी. शरीर भरून यायला अन्न आणि विसावा लागतो, तो मिळत नाही. म्हणून कष्टकरी बाईचा पहिला व्यायाम म्हणजे आखडलेली पाठ, मान, खांदे सावकाश मोकळे करणं, आणि आडवं होणं. हा आळस नाही. जी दिवसभर शिलाईच्या मशीनपुढे, दुकानात किंवा ऑफिसात बसते, तिच्यासाठी मात्र चालणं हवंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, घाम येईल असं. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम.

आता 'बारीक' या शब्दाकडे येऊ. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीनं रात्रीचं जेवण सोडलं. पाहुणे बघायला येणार होते. पंधरा दिवसांनी ती नळावर चक्कर येऊन पडली. उपकेंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. तिची आई मला म्हणाली, "बारीक दिसते तं चांगलंच आहे ना!" आईचा दोष नाही. मुलीकडे बघणाऱ्या साऱ्या नजराच तिला हे शिकवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयी आहेत. सुमारे २१ टक्के गरजेपेक्षा कमी वजनाच्या आणि २३ टक्के जास्त वजनाच्या. म्हणजे एकाच गटात एकीला वजन वाढवायचं आहे, दुसरीला उतरवायचं आहे, आणि रक्त दोघींचंही कमी असू शकतं. सगळ्यांना 'बारीक व्हा' हा एकच सल्ला कसा चालेल?

चांगलं खाणं डब्यातल्या महागड्या पावडरीत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडी किंवा शेवग्याचा पाला, शेंगदाणे, जवसाची चटणी, वर लिंबू पिळलेलं, हे आपलंच ताट आहे. लिंबामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून घेतलेला चहा ते अडवतो, म्हणून चहा तासभर पुढे ढकला. पण शेतात कपाशी-सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे पडली, आणि ती आता विकत आणावी लागते. म्हणून परसात दोन वाफे भाजीचे आणि एक शेवगा लावाच.

ताटात काय आहे, याबरोबर ते कोणाच्या वाट्याला किती येतं, हेही विचारू या. पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. जिला जास्त हवं तीच शेवटी जेवते, खरवडलेलं खाते. मी एका बैठकीत विचारलं, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? एक सोडून सगळ्यांचे हात वर आले. ती एकटी राहत होती.

आणि वेळ? २०१९ च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांपैकी शंभरातले २६ जणच घरकामाला हात लावत होते, आणि तेही ९७ मिनिटं. बाईचा अर्धा तास निघायचा तर तो इथूनच निघेल. पहाटे अजून लवकर उठून नाही.

म्हणून गटांना तीन गोष्टी सुचवते. आशाताईंना बोलावून वर्षातून दोनदा सगळ्यांचं वजन आणि हिमोग्लोबिन तपासा, आणि ते वहीत बचतीच्या आकड्याशेजारी लिहा. रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या मध्येच सोडू नका. संध्याकाळी चार-चार जणी मिळून चाला, एकटीला लोक नावं ठेवतात, चौघींना कमी ठेवतात. आणि घरी सगळे एकाच वेळी जेवायला बसा, तुम्हीसुद्धा.

त्या बाईला मी आता एवढंच सांगेन: बाई, तू आज पुरेसं चाललीस. आता पाठ टेक. भाकऱ्या आज दुसरं कोणी थापेल, आणि तू सगळ्यांबरोबर जेव.