कौलारू छप्पर आणि भिंतीचा सांधा

मंगलोरी कौलांच्या पडवीचे छप्पर घराच्या भिंतीला जिथे टेकते, तिथे पाणी झिरपण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्या सांध्यावर वाकवलेल्या जस्ती पत्र्याची पट्टी, म्हणजेच फ्लॅशिंग, बसवतात. कौलांपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर भिंतीत अडीच सेंटिमीटर खोल आडवी खाच पाडतात. पट्टीची वरची कड खाचेत शिरवून मसाल्याने बुजवतात. खालची कड कौलांच्या वरच्या रांगेवर १५ सेंटिमीटर तरी यावी. पट्टीचे तुकडे एकमेकांवर किमान १० सेंटिमीटर चढवतात. उन्हात पत्रा प्रसरण पावतो, म्हणून तो कौलांना जखडत नाहीत. सांध्यावर नुसते सिमेंट लिंपले, तर छप्पर हलताच ते तडकते आणि पाणी वाशांपर्यंत पोहोचून लाकूड कुजवते.