नववीच्या वर्गातलं इंजिन



नांदुऱ्याचं नाव काढलं की बाहेरगावच्या माणसाला महामार्गालगतचा 105 फुटी हनुमान आठवतो. त्याच्या समोरून जाणारा रस्ता पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6. आता त्याचा क्रमांक 53 झाला, पण आपल्या तोंडी अजून 'हायवे नंबर सहा'च आहे. एका अंगाला मलकापूर-भुसावळ, दुसऱ्या अंगाला अकोला-अमरावती, आणि रात्रंदिवस ट्रकांची रीघ. शिवाय कपाशी-सोयाबीनचा हा मुलूख. वाडीवस्तीवर मोटारसायकल, दारात ट्रॅक्टर, खुंटीला फवारणीचा पंप. ज्या तालुक्यात एवढी इंजिनं आहेत, तिथल्या शाळेत एखादं इंजिन उघडून ठेवलेलं का दिसत नाही, एवढंच मला आज विचारायचंय.

आपल्याकडं मेकॅनिक घडतो तो गॅरेजात. शाळा सुटलेला पोरगा उस्तादाच्या हाताखाली लागतो. पहिले काही महिने पार्ट धुवायचे, चहा आणायचा, मागितला तो पाना हातात द्यायचा. उस्ताद समजावून सांगत नाही, बघूनच शिकायचं. या शिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. नुसत्या आवाजावरून टॅपेट ढिलं झालंय हे ओळखणारा कान आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसताच ऑइल जळतंय हे सांगणारी नजर कुठल्याही पुस्तकातून येत नाही. पण कायदा आता स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर लावता येत नाही. आणि कायद्यापेक्षा मोठी अडचण यंत्रानंच करून ठेवली आहे.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सहाच्या गाड्या आल्या. मोटारसायकलीतला कार्बोरेटर जवळजवळ गेला. त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारी छोटी संगणकी पेटी आली. पूर्वी स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे केला की गाडी सुरात यायची. आता स्कॅनर लावला की पडद्यावर एक कोड येतो. तो एवढंच सांगतो की अमुक सेन्सरकडून येणारा व्होल्टेज कमी आहे. मग बिघाड सेन्सरमध्ये आहे, वायर तुटली आहे, की कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय? हे शोधायला मल्टिमीटर लागतो आणि क्रमानं विचार करायची सवय लागते. ती नसलेला माणूस सरळ महागडा सेन्सर बदलतो. बिल आपण भरतो आणि गाडी चार दिवसांनी पुन्हा बंद पडते.

हा क्रमानं विचार आपल्या पोरांच्या दप्तरात आधीपासून आहे. राज्य मंडळाचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढा. पहिला धडा गतीचे नियम, दुसरा कार्य आणि ऊर्जा, तिसरा धाराविद्युत. ब्रेक, इंजिन आणि वायरिंग, तिन्ही ओळीनं आली की नाही? बारा व्होल्टची बॅटरी आणि पस्तीस वॅटचा दिवा असेल, तर तारेतून किती प्रवाह वाहील? पस्तीसला बारानं भागा, जवळपास तीन अँपिअर. मग दोन अँपिअरचा फ्यूज टाकला तर काय होईल, हे वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलगीसुद्धा सांगेल.

गणिताचंही तसंच. आठवीत वृत्तचितीचं घनफळ शिकवतात, आणि बहुतेकांना ते पाण्याच्या टाकीपलीकडे कधी भेटत नाही. स्प्लेंडरच्या इंजिनाचा सिलिंडर घ्या. व्यास 50 मिलिमीटर, पिस्टनची धाव साडेएकोणपन्नास. म्हणजे त्रिज्या अडीच सेंटिमीटर, उंची 4.95. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची करून बघा, उत्तर येतं 97.2 घन सेंटिमीटर. गाडीच्या माहितीपत्रकावर छापलेला आकडा हाच. दारात उभ्या गाडीचा 'सीसी' पोराला स्वतःच्या वहीत काढता आला, तर ते सूत्र त्याला पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की. आहेत, आणि काही जुन्या आहेत. 1937 मध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षण परिषद भरवून हातानं काम करत शिकण्याचा आग्रह धरला. अकरावी-बारावीला द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आला; त्यात स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती हा चक्क दोनशे गुणांचा विषय आहे. 1988-89 पासून किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले. अलीकडे नववीपासूनच काही शाळांमध्ये नेहमीच्या एका विषयाऐवजी ऑटोमोटिव्ह घेता येतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तर 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचं ठरवलं होतं.

मग अडतं कुठं? माझ्या मते दोन ठिकाणी. हे विषय एक तर 'ढ' पोरांसाठी समजले जातात, नाहीतर हुशार पोरं ते सढळ गुणांसाठी घेतात. दोघांचेही हात काळे होत नाहीत. आणि शिकवणारे प्रशिक्षक बहुधा कंत्राटी. माणूस रुळतो न रुळतो तोच करार संपतो. वर्कशॉपला कुलूप, आणि प्रॅक्टिकलच्या वहीत इंजिनाचं चित्र, रंगवलेलं.

यावर एक वाट पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सापडली आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे संशोधक हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी संपल्यावर 1983 मध्ये या दुष्काळी गावात गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय त्यांनी आखला आणि दहावीच्या मंडळानं त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस पूर्ण हातकामाचा. शिकवायला गावातलाच कारागीर. त्याची पदवी कोणी विचारत नाही. आणि मुलं जे करतात ते गावाच्या उपयोगी पडतं, त्याचे पैसे शाळेला मिळतात. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. गिऱ्हाईक समोर उभं असलं की काम खोटं करता येत नाही.

आपल्याकडे हे कसं जमेल? फवारणीचा पंप घ्या. बरेचसे पॉवर पंप टू-स्ट्रोकचे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारे. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. ऐन कपाशीच्या फवारणीत पंप बंद पडला की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. शाळेनं पाऊस पडण्याआधी असे पंप तपासायला घ्यावेत. हायवेवरचा एखादा जाणता मिस्त्री आठवड्यातून एक दिवस शाळेत यावा आणि विज्ञानाच्या सरांनी त्याच शेडमध्ये त्याच्या शेजारी उभं राहावं. मिस्त्रीनं बिघाड दाखवावा, सरांनी त्याचं कारण मुलांकडून काढून घ्यावं. दोघंही थोडे अवघडतील, मिस्त्री जरा कमी. या वर्गात मुलीही हव्यात. पंप बंद पडला की शेतात खोळंबा त्यांच्या घरच्या बायांचाही होतो.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. गाडी दुरुस्त केली म्हणून नववीतल्या पोरानं तिची चक्कर मारायची नाही. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. चाचणीची चक्कर मिस्त्रीच मारेल.

जून महिन्यात पोराच्या प्रवेशासाठी शाळेत जाल तेव्हा व्यवसाय विषय आहे का, एवढंच विचारून थांबू नका. वर्कशॉप दाखवा म्हणा. पान्यांना ऑइल लागलंय का ते बघा, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते तेही विचारा.