मैदान कुणाचं? आयर्लंडची एक गोष्ट

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)

खेळ हा विषय आपल्या शिबिरांत सहसा निघत नाही. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे सगळं समोर असताना मैदानाचं काय घेऊन बसलात, असं कुणीही विचारेल. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी आज आयर्लंडची गोष्ट सांगणार आहे. तो देश आपल्याला अगदीच परका नाही. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. त्यासाठी धडपडणाऱ्या मार्गारेट कझिन्स मूळच्या आयरिश. मताधिकाराच्या लढ्यात तुरुंगवास भोगून त्या भारतात आल्या होत्या. त्यांचं बालपण गेलं त्या काळातली ही हकिगत आहे.

आयर्लंडवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. जमीन जमीनदाराची, कसणारी कुळं. पीक बुडालं, खंड थकला की कुटुंब रस्त्यावर. याविरुद्ध १८७९ साली मायकेल डेव्हिट आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांच्या पुढाकाराने लँड लीग उभी राहिली. पुढाऱ्यांची धरपकड होणार हे दिसू लागलं तेव्हा जानेवारी १८८१ मध्ये पार्नेल यांच्या बहिणीच्या, ॲना पार्नेल यांच्या, नेतृत्वाखाली बायकांची वेगळी संघटना निघाली. तिचं नाव लेडीज लँड लीग. ऑक्टोबरात पुढारी तुरुंगात गेले आणि लँड लीगवर बंदी आली.

मग काम कुणी चालवलं? या बायकांनी. कोणत्या गावात जमीनदार कोण, खंड किती, कुणाला घराबाहेर काढलं, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. बेघर झालेल्यांसाठी लाकडी घरं उभारली, कैद्यांच्या कुटुंबांना मदत पोचवली, गावोगाव सभा घेतल्या. सरकारने त्यांना राजकीय कैदी मानलं नाही. वेश्या आणि भटक्यांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या शेकडो वर्षं जुन्या कायद्याखाली त्यांना आत टाकलं. डब्लिनचे आर्चबिशप मॅककेब यांनी बायकांनी असं चव्हाट्यावर येण्याचा जाहीर निषेध केला. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक मात्र बायकांच्या बाजूने बोलले. हे नाव लक्षात ठेवा.

मे १८८२ मध्ये सरकारशी समझोता होऊन पार्नेल सुटले. त्यांना या बायका डोईजड वाटू लागल्या होत्या. त्यांनी संघटनेचा पैसा अडवला आणि ऑगस्टमध्ये ती विसर्जित झाली. ॲना पुन्हा भावाशी बोलल्या नाहीत, असं सांगतात.

आता खेळाकडे वळू. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात, मोजक्या पुरुषांची बैठक झाली. बोलावणारे होते शिक्षक मायकेल क्युसॅक आणि नावाजलेले खेळाडू मॉरिस डेव्हिन. शर्यतींचा कारभार तेव्हा बड्या लोकांच्या हाती होता आणि अनेक ठिकाणी मजूर-कारागिरांना उतरूच देत नसत. इंग्रजी खेळ पसरत होते. काठीने चेंडू मारायचा हर्लिंग हा जुना आयरिश खेळ मागे पडत चालला होता. त्या बैठकीतून गेलिक ॲथलेटिक असोसिएशन जन्माला आली.

ती वणव्यासारखी पसरली. चर्चच्या प्रत्येक हद्दीत एक क्लब. सामने रविवारी, कारण कष्टकऱ्यांना सुटी तेव्हाच. पुढे इंग्रज सरकारच्या पोलिसांना सभासदत्व बंद झालं. १८९१ च्या ऑक्टोबरात पार्नेल वारले तेव्हा हर्लिंगच्या काठ्या घेतलेले खेळाडू अंत्ययात्रेत चालले. म्हणजे मैदान नुसतं खेळापुरतं राहिलं नव्हतं. जमायचं कुठे, नेता निवडायचा कसा, वर्गणी आणि हिशेब कसे ठेवायचे, हे सगळं पुरुष तिथे शिकत होते.

या संघटनेचे आश्रयदाते कोण? पार्नेल, डेव्हिट आणि तेच आर्चबिशप क्रोक. म्हणजे १८८१ साली बायकांची बाजू घेणारेही त्यात होते. तरी मैदानावर खेळाडू म्हणून बाईला जागा मिळाली नाही. अवघ्या दोन वर्षांपूर्वी गावोगाव शाखा चालवणाऱ्या बायका आता कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवणार होत्या.

आयरिश बायकांना खेळाची आवड नव्हती म्हणावं, तर तेही खरं नाही. डब्लिनमध्ये १८७९ सालीच बायकांची टेनिस स्पर्धा झाली, विम्बल्डनच्या पाच वर्षं आधी. १८९० साली विम्बल्डन जिंकणाऱ्या लीना राइस याच टिपररीच्या. पण टेनिसची हिरवळ खात्यापित्या घरांची. त्या घरातल्या बाईला अंगण होतं, कुळाच्या मुलाला आता मैदान मिळालं होतं. कुळाच्या मुलीला दोन्ही नव्हतं. वर्ग आणि लिंगभाव एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

वाट निघाली ती भाषेच्या चळवळीतून. १८९३ साली स्थापन झालेल्या गेलिक लीगने बायकांना सभासद करून घेतलं. तिथल्याच डब्लिनच्या तरुणींनी हर्लिंगवर बेतलेला कॅमोगी हा खेळ तयार केला. जुलै १९०४ मध्ये नॅव्हनला त्याचा पहिला जाहीर सामना झाला, घोट्यापर्यंतच्या झग्यांत. त्या झग्याने मुद्दाम चेंडू अडवणं नियमबाह्य होतं. अर्धी चड्डी घालून खेळायची मुभा कॅमोगीच्या खेळाडूंना मिळाली ती मे २०२५ मध्ये! बायकांच्या गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ साली निघाली, थर्ल्सच्या त्याच हेज हॉटेलात. त्या दारातून आत यायला नव्वद वर्षं लागली.

मैत्रिणींनो, यातून मला दोन गोष्टी दिसतात. पुढारी तुरुंगात असतात तेव्हा चळवळीला बायका लागतात. ते सुटले की बायकांना घर आठवून दिलं जातं. म्हणून आपल्या नोंदी, आपला पैसा आणि आपली संघटना आपल्याच हातात हवी. दुसरं, आपल्या बाजूचे पुरुष असतात, त्यांची साथ मोलाचीही असते. पण नवी संस्था उभी राहताना त्यांना आपली आठवण येईलच, असं धरून चालू नये. त्या बैठकीला आपण हजर असलं पाहिजे.

तुमच्या गावात पटांगणाची, व्यायामशाळेची जागा ठरायची असेल तर तो पोरांचा विषय म्हणून सोडून देऊ नका. मुलींना घेऊन जा आणि खेळायची वेळ कागदावर लिहून घ्या.